वाटसरूसाठी रंगवलेली भिंत

(चित्रकला शिक्षक, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'रस्त्यावरची कला' हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कलादालन येते, चौकटीतले चित्र येते, कुजबुजत बोलणारे रसिक येतात. रस्ता म्हटला की धूळ, गर्दी आणि पानाच्या पिचकाऱ्या. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसायचा? शिवाय हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आलेला, रात्री चोरून दुसऱ्याच्या भिंतीवर रंग फवारणाऱ्या तरुणांचा, अशीही एक समजूत आहे. तेव्हा प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भिंतीवर, उंबऱ्यावर, वाटेवर चित्र काढणे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवलेले नाही. आपल्याकडे कला मुळातच चार भिंतींच्या आत बंदिस्त नव्हती.

भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांचा शोध १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर यांनी लावला. आगगाडीतून जाताना दूरवर दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले आणि ते पायी तेथे पोहोचले. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने खडकावर काढलेली शिकारीची, नृत्याची, पशूंची चित्रे त्यांनी जगापुढे आणली. २००३ साली या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे १९८१ साली स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या उभारणीत याच हरिभाऊंचा मोठा वाटा असावा, याला मी केवळ योगायोग मानत नाही. ज्याने आदिमानवाची भिंत वाचली, त्याला हे उमगले होते की कला ही समाजाच्या नित्य जीवनाची गोष्ट आहे. आज वर्षप्रतिपदेच्या स्वागतयात्रेत चौकाचौकांत ज्या भव्य रांगोळ्या रेखाटल्या जातात, त्यांचे नाते त्या खडकाशी आहे. रांगोळी काढणारी गृहिणी स्वतःचे नाव लिहीत नाही, तिकीट लावत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याने क्षणभर थांबावे, प्रसन्न व्हावे, आपल्या दाराशी मांगल्य नांदावे, एवढीच तिची इच्छा असते. दुपारपर्यंत ती रांगोळी विस्कटते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा काढली जाते.

फैजपूर आणि हरिपुरा

या परंपरेचा आधुनिक काळात जाणीवपूर्वक उपयोग करणारा एक थोर कलावंत म्हणजे नंदलाल बोस. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने आपल्या विद्यार्थ्यांसह सजवणारे आचार्य म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या चित्रांत मोहेंजोदडोची मुद्रा आहे, राम-सीता आहेत, गीतोपदेश आहे, छत्रपती शिवाजी महाराज आहेत. परंतु त्याच्या कितीतरी आधी त्यांनी केलेले एक काम आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे आपल्या खानदेशातले फैजपूर. महात्मा गांधींनी तेथील सजावटीसाठी नंदलालबाबूंना बोलावले. बांबू आणि गावात सहज मिळणारे साहित्य यांतून त्यांनी तिलकनगर सजवले. त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये बारडोलीजवळ हरिपुरा येथे अधिवेशन झाले. सुभाषबाबू त्याचे अध्यक्ष होते. त्यासाठी नंदलालबाबूंनी ऐंशीहून अधिक चित्रे काढली, शिष्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या आणि अशी सुमारे ४०० चित्रे अधिवेशनाच्या प्रवेशद्वारांवर, मंडपांवर लावली गेली. हातकागदावर मातीचे रंग, ठसठशीत रेषा, आणि विषय कोणते? ढोल वाजवणारा, चांभार, कापूस पिंजणारा, नांगर धरलेला शेतकरी, घरकामात गुंतलेली स्त्री.

यातले मर्म आपण ध्यानात घेतले पाहिजे. अधिवेशनाला आलेल्या खेडुताने आयुष्यात कलादालन पाहिलेले नव्हते. तो मंडपाच्या दारातून आत शिरला आणि त्याला भिंतीवर तोच दिसला. राजाचे चित्र असते तर त्याने नमस्कार केला असता आणि पुढे गेला असता. स्वतःचा नांगर चित्रात पाहिला तेव्हा त्याला कळले असेल की हा देश ज्यांच्या श्रमावर उभा आहे, त्यांत आपण आहोत. हजार शब्दांच्या भाषणाने जे कठीण, ते एका चित्राने सहज साधले. सामाजिक जाणिवेची कला म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला तरी सुचत नाही. पाहणाऱ्याला त्याची प्रतिष्ठा परत देणारी कला.

मिथिलेच्या भिंती

दुसरे उदाहरण जानकीच्या माहेरचे, मिथिलेचे आहे. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतींवर चित्रे काढत आल्या. विवाहप्रसंगी नवदांपत्याची खोली, म्हणजे 'कोहबर', कमळवेल, बांबू, मासे, कासव अशा मंगलचिन्हांनी सजवली जाई. १५ जानेवारी १९३४ च्या भीषण भूकंपात बिहारमधली असंख्य घरे कोसळली. पडझडीची पाहणी करणाऱ्या आर्चर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला त्या भग्न भिंतींच्या आतल्या बाजूची चित्रे दिसली आणि तो थक्क झाला. १९४९ साली 'मार्ग' या नियतकालिकात त्याने त्यांवर लेख लिहिला.

मात्र ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणण्याच्या कामात एका मराठी कलावंताचा हात होता, हे महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाही. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहार होरपळत असता अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवले. त्यांनी गावोगाव फिरून स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंतीवरचे चित्र विकता येत नव्हते, कागदावरचे विकता आले आणि दुष्काळातल्या घरांत चूल पेटली. त्यातूनच जगदंबा देवी, सीता देवी यांच्यासारख्या पद्मश्रीने गौरवलेल्या कलावती देशाला ठाऊक झाल्या. पुढे याच कुलकर्णींनी डहाणू परिसरातल्या वारली वस्त्यांत जाऊन जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा ओळखली. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे वारल्यांत सवाष्णींचे काम. जिव्यांनी त्या चित्रलिपीत आपले सारे जग आणले आणि ते देशोदेशी पोहोचले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले.

मिथिलेच्या या कलेत आणखी एक प्रवाह मिसळला. दुसाध समाजाच्या स्त्रियांनी गोंदणाच्या आकृत्या कागदावर उतरवल्या आणि त्यांचा वीरपुरुष राजा सलहेस चित्रांत अवतरला. दुलारी देवी मच्छीमार समाजातल्या. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करताना त्यांनी घरमालकिणींची चित्रे पाहिली आणि त्यांच्याकडूनच हातात कुंचला घेतला. २०२१ साली त्यांना पद्मश्री लाभली. समरसतेवर आपण अनेक बौद्धिके ऐकतो. ज्या घरात भांडी घासली त्याच घरात बसून चित्र काढायला शिकणे, हे समरसतेचे प्रत्यक्ष आचरण आहे. ज्यांनी शिकवले त्यांचेही मोठेपण आहे आणि जिने शिकण्याचे धैर्य केले तिचे त्याहून मोठे आहे.

आता ही कला रस्त्यावर कशी आली ते पाहू. २०१२ साली मधुबनी जिल्ह्यात रामपट्टी ते राजनगर या रस्त्याकडेच्या झाडांवर कुऱ्हाड चालत होती. ग्राम विकास परिषदेचे षष्ठीनाथ झा यांनी कलावंतांना एकत्र केले आणि झाडांच्या बुंध्यांवर राम-सीता, राधा-कृष्ण, शिव-पार्वती यांची चित्रे रेखाटली गेली. त्या झाडांची तोड थांबली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मधुबनीच्या रेल्वे स्थानकाची पाळी आली. अस्वच्छतेबद्दल ज्याची कुप्रसिद्धी होती, त्या स्थानकाच्या भिंती स्थानिक कलावंतांनी स्वेच्छेने रंगवल्या. सात हजार चौरस फुटांहून अधिक क्षेत्र रामायणातील प्रसंग, कृष्णलीला आणि ग्रामजीवन यांनी भरून गेले. २०१८ साली स्थानक-सुशोभनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत मधुबनीला दुसऱ्या क्रमांकात स्थान मिळाले. आणि पहिला क्रमांक कोणाचा? आपल्या विदर्भातील बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांचा! ताडोबाचे वाघ आणि तेथील वनजीवन त्या भिंतींवर उतरले होते.

खड्ड्यातली मगर

आतापर्यंत मांगल्याची कला पाहिली. आता थोडी बोचणारी कला पाहू, कारण समाजाला दोन्हींची गरज असते. बादल नंजुंडस्वामी हे मूळचे म्हैसूरचे, बंगळुरूत काम करणारे चित्रकार. २०१५ च्या जूनमध्ये बंगळुरूच्या सुलतानपाळ्यात रस्त्यावर मोठा खड्डा पडला होता. दाद लागत नव्हती. नंजुंडस्वामींनी त्या खड्ड्याचे पाणी हिरवे केले आणि त्यात भलीमोठी मगर आणून ठेवली. लोक थांबले, हसले, छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रांत छापून आली आणि खड्डा बुजवला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये सारा देश चांद्रयान-२ कडे डोळे लावून बसला असताना त्यांनी एक चित्रफीत केली. अंतराळवीर चंद्रावर संथ पावले टाकत चालला आहे, असे प्रथम वाटते, तेवढ्यात शेजारून रिक्षा जाते आणि ध्यानात येते की चंद्रावरची ती विवरे बंगळुरूच्या रस्त्यावरचे खड्डे आहेत. तो रस्ताही लगोलग दुरुस्तीस घेण्यात आला.

या कलावंताने घोषणा दिल्या नाहीत, कोणाला शिवी हासडली नाही, बस जाळली नाही. आपल्या कीर्तनकारांचे आणि भारुडकारांचे हेच तर शस्त्र होते. आधी हसवायचे आणि हसता हसता अंतर्मुख करायचे. राग दोन दिवसांत ओसरतो, पण ज्या गोष्टीवर सारे गाव हसते तिची लाज अधिकाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही.

तिसरे नाव रणजित दहिया यांचे. हरियाणातल्या सोनीपतजवळच्या खेड्यातला हा मुलगा भिंतींना सफेदी मारण्याचे काम करत होता. अशाच कामात त्याला शाळेच्या भिंतीवर सरस्वतीचे चित्र काढण्याची संधी मिळाली आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे त्याने चंदीगड आणि अहमदाबाद येथे रीतसर शिक्षण घेतले. २०१४ साली मुंबईत वांद्र्याला दूरध्वनी निगमच्या इमारतीवर त्याने दादासाहेब फाळक्यांचे शंभर फुटांहून उंच चित्र रंगवले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या या महापुरुषाची ओळख तेथून जाणाऱ्या लाखोंना एका हरियाणवी रंगाऱ्याने करून दिली. शाळेच्या भिंतीवरची एक सरस्वती काय करू शकते, हे येथे बसलेल्या कलाशिक्षकांनी लक्षात ठेवावे.

देवाला पहारेकरी करू नका

आता थोडे अप्रिय बोलतो. हे आपल्याच घरातले बोलणे आहे, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

आपल्या शहरांतील इमारतींच्या जिन्यांत, कार्यालयांच्या कोपऱ्यांत, बोळांच्या तोंडाशी देवदेवतांच्या फरशा बसवलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. हेतू एकच, तेथे कोणी थुंकू नये, लघवी करू नये. उपाय काही अंशी चालतो, हे मान्य. परंतु आपण काय केले याचा विचार करा. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करून आपण पूजा करतो, तिला आपण उकिरड्याच्या कोपऱ्यावर राखणीला बसवले! त्या फरशीला ना फूल, ना दिवा. कोणी तरी तिच्यावर थुंकतोच आणि मग तो अपमान आपण मुकाट पाहतो. नागरिकाच्या मनात जी लाज असायला हवी होती ती आपण निर्माण करू शकलो नाही, म्हणून देवाला उभे केले. हे धर्माभिमानाचे लक्षण म्हणावे की आपल्या संस्कारकार्यातील उणिवेचे?

येथे कोणी विचारील, मधुबनीच्या झाडांवरही देवच काढले होते, ते कसे चालले? प्रश्न योग्य आहे. फरक असा की झाड आपल्या दृष्टीने मुळातच पूज्य आहे. वडाला सूत गुंडाळणाऱ्या, पिंपळाला पाणी घालणाऱ्या समाजाला त्या चित्रांनी त्याच्याच श्रद्धेची आठवण करून दिली. ती चित्रे गावच्या कलावंतांनी स्वतःच्या हाताने, भक्तिभावाने काढली होती, बाजारातून शेकड्याने आणून चिकटवली नव्हती. पूज्य वस्तूला पूज्य म्हणून दाखवणे वेगळे आणि घाणीच्या जागी देवाचा धाक घालणे वेगळे. त्या कोपऱ्यांत वारलीचा तारपा नाचू द्या, किल्ल्यांची चित्रे येऊ द्या, शाळेतल्या मुलांनी काढलेली फुले येऊ द्या. ज्या भिंतीवर शेजारच्या मुलाने चित्र काढले आहे, तिच्यावर थुंकताना माणसाला त्या मुलाचा चेहरा आठवतो.

दुसरी गोष्ट फलकांची. रस्ता हा सर्वांचा, म्हणून त्यावर आपला फलक लावण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे प्रत्येक जण समजतो. वाढदिवसाचा फलक, निवडीचा फलक, उत्सवाच्या शुभेच्छांचा फलक. त्यांवर चाळीस-पन्नास चेहरे आणि उत्सवदेवता एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी! 'महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम' १९९५ सालापासून अस्तित्वात आहे. कायदा असूनही शहरे विद्रूप होतात, कारण ते विद्रूप करणाऱ्यांत आपली माणसे आहेत आणि त्यांना टोकण्याचे धैर्य आपल्यात नाही. फलक म्हणतो 'मला पाहा'. हरिपुऱ्याचे चित्र म्हणत होते 'स्वतःला पाहा'. रस्त्यावरची कला आणि रस्त्यावरची जाहिरात यांतील सीमारेषा हीच आहे. गणेशोत्सव लोकमान्यांनी सार्वजनिक केला तो समाजाला एकत्र आणण्यासाठी. त्याच्या कमानीवर समाज दिसला पाहिजे.

शाल, श्रीफळ आणि मोबदला

आणखी एक मुद्दा. कलावंताने समाजासाठी विनामूल्य काम करावे, असे आपण सहज गृहीत धरतो. मांडववाल्याचे पैसे देतो, ध्वनिक्षेपकवाल्याचे देतो, छापखान्याचे देतो. भिंत रंगवणाऱ्या मुलाला मात्र शाल, श्रीफळ आणि टाळ्या! श्रमदान हे कलावंताने स्वेच्छेने द्यायचे असते, आपण ते वसूल करायचे नसते. भास्कर कुलकर्णींनी मिथिलेत नेलेल्या कागदाचे खरे मोल हे की त्या कागदातून घरात पैसा आला. कलेचा गौरव करायचा आणि कलावंताला उपाशी ठेवायचे, हे आपल्या संस्कृतीला शोभणारे नाही. आपल्या देवळांच्या शिलालेखांत कारागिरांना, नर्तकांना, वादकांना दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. ती दानत आपल्या मंडळांच्या हिशेबवहीत दिसायला हवी.

त्याचबरोबर कलावंतांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्याची भिंत आहे त्याची अनुमती घ्या. ज्या वस्तीत चित्र काढता त्या वस्तीला विचारा की तुम्हाला येथे काय पाहायला आवडेल. रंग उडाले, पोपडे आले की ते दुरुस्त करण्याची जबाबदारी आधीच ठरवा, कारण विटलेले चित्र हे कोऱ्या भिंतीहून उदास दिसते. आणि जुन्या किल्ल्याच्या, लेण्याच्या, देवळाच्या दगडाला रंग लावू नका. ती भिंत आधीच कोणी तरी अजरामर केली आहे.

मग आपण करायचे काय? मोठ्या योजनेची वाट पाहू नका. प्रत्येक शाखेच्या, मंडळाच्या, शाळेच्या परिसरात अशी एक तरी भिंत असते की जिच्याजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो. ती निवडा. आधी ती धुवा. पहिला कार्यक्रम उद्घाटनाचा नको, झाडू आणि बादल्यांचा हवा. नंतर महानगरपालिकेची किंवा मालकाची लेखी अनुमती घ्या. परिसरातला कलाशिक्षक, चित्रकला महाविद्यालयातला विद्यार्थी, पाट्या रंगवून पोट भरणारा पेंटर आणि रांगोळी काढणाऱ्या आजी यांना एकत्र बसवा. फ्लेक्स आल्यापासून त्या पेंटरचे काम हिरावले गेले आहे. त्याच्या हातातले वळण अजून शाबूत आहे, तोवर ते पुढच्या पिढीला मिळू द्या. सफाई कामगार ताईंना विचारा की या भिंतीवर काय असावे, कारण ती भिंत रोज सर्वांत जवळून त्याच पाहतात. चित्र पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात चितारणाऱ्यांची नावे लिहा, देणगीदारांची नव्हे. आणि वर्षातून एकदा, वर्षप्रतिपदेच्या आधी, त्या भिंतीचे रंग पुन्हा उजळा.

बंधू-भगिनींनो, आपल्या कार्याची परीक्षा सभागृहातल्या टाळ्यांवर होत नाही. जो माणूस आपल्या सभेला कधीच येणार नाही, आपले साप्ताहिक कधीच हातात धरणार नाही, भाजीची पिशवी सांभाळत सायंकाळी घाईने घराकडे चालला आहे, त्याच्यापर्यंत आपण काय पोहोचवतो यावर ती होते. त्याच्या वाटेवरची एक भिंत आपल्या हाती आहे. येत्या वर्षप्रतिपदेपर्यंत तिला स्वच्छ करण्याचे आणि बोलते करण्याचे काम आपण येथूनच वाटून घेऊ या. कागद आणि पेन्सिल मी टेबलावर ठेवली आहे. ज्यांना भिंत ठाऊक आहे त्यांनी भिंतीचा पत्ता लिहावा, ज्यांना रेषा येते त्यांनी आपले नाव लिहावे आणि ज्यांना दोन्ही नाही त्यांनी बादली आणण्याचे कबूल करावे.